वाचून झाले की पुढे द्या

छत्रपती संभाजीनगरला जाऊन आले असं सांगितलं की समोरचा आधी वेरूळ-अजिंठ्याचं विचारतो. मी दोन्ही पाहिली नाहीत. मकबरा रिक्षातून जाता जाता दिसला तेवढाच. तीन दिवस मी छावणीतल्या दोन खोल्यांच्या एका घरात जमिनीवर बसून प्लास्टिककडे बघत होते. आल्यापासून हे ज्याला त्याला सांगून कंटाळा आला, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

माझं काम जुने कागद जपण्याचं. पुण्यात एका छोट्या खासगी संग्रहात आयुष्य गेलं. पत्रकं, मोर्च्यांची भित्तिपत्रकं, बंद पडलेली मासिकं, ज्यांना कुठलं ग्रंथालय दारात उभं करत नाही असले कागद आमच्याकडे येतात. निवृत्ती जवळ आली आहे, गुडघे कुरकुरतात, आणि धुळीने दिलेला खोकला आता जन्माचा सोबती झाला आहे. अशात रेश्माचा फोन आला. तिच्या गुरूने, सुलोचनामायने, मराठवाड्यातल्या तृतीयपंथीयांसाठी पूर्वी एक पत्रिका काढली होती. नाव ‘टाळी’. चार पानांची, झेरॉक्स केलेली. तिचे अंक आणि वर्तमानपत्रांची कात्रणं घरात आहेत, मायची नजर गेली आहे, ती आहे तोवर कुणीतरी येऊन हे नीट लावून द्या, असं रेश्मा म्हणाली. अट एकच होती. कागद घराबाहेर जाणार नाहीत, काय करायचं ते इथंच बसून करा.

मी हो म्हटलं, स्कॅनर पिशवीत घातला आणि बसमध्ये बसल्यावर स्वतःला शिव्या दिल्या.

छावणी

स्टँडवर रिक्षावाल्याला पत्ता सांगायला लागले, तर त्याने अर्ध्यातच थांबवलं. “माय के घर जाना है ना? बैठो.” पुण्यात पूर्ण पत्ता, खूण आणि नकाशा दाखवूनही रिक्षावाला येईलच असं नसतं, त्यामुळे मी गुपचूप बसले.

बाजाराच्या मागच्या गल्लीत घर. भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो, त्याच्या शेजारी कोंबड्यावर बसलेली तृतीयपंथीयांची माता, आणि तिच्याखाली दर्ग्याचं कॅलेंडर. खिडकीशी गादीवर माय बसली होती. सत्तरी उलटलेली, केस पांढरेशुभ्र, नऊवारी नीट नेसलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू. साखरेच्या आजाराने दोन्ही डोळे गेले आहेत, पण पावलांचा आवाज आला तसा तिने चेहरा बरोबर माझ्याकडे वळवला.

“जय भीम, बाई. बसा. गुडघा दुखतोय वाटतं.”

चहा घेणार का, असं आमच्याकडे विचारतात आणि पाहुण्याने एकदा नको म्हणायचं असतं. इथे ती भानगड नाही. रेश्माने कप हातात दिला, तो गार व्हायच्या आत दुसरा दिला. रेश्मा चाळिशीची, उंच, बोलण्यात घाईची. मायची ती सगळ्यात जुनी चेली, आणि आता तीच घर चालवते.

माय मुकुंदवाडीची. बौद्ध घरातली, मॅट्रिकपर्यंत शिकलेली. मॅट्रिकनंतर घर सुटलं आणि शेवंता नावाच्या गुरूने तिला या घरात आणलं. “बाकीच्यांना नाचता येत व्हतं, गाता येत व्हतं,” माय म्हणाली. “मला कायबी येत नव्हतं. लिवता येत व्हतं. शेवंता म्हनली, मग लिव.” तशी ‘टाळी’ सुरू झाली. कुठल्या दवाखान्यात नीट वागवतात, कुठल्या चौकीत जाऊ नये, कोण आजारी आहे, कोण वारलं, कुणाचं पत्र आलंय, असं सगळं तिच्यात असे. माय लिहायची, शहागंजात झेरॉक्स काढायची, आणि अंक आधी घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायची. वाचता येणारी ती एकटीच होती.

मग रेश्माने पलंगाखालची पेटी ओढली. झाकण उघडताना तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी विसरायचं म्हटलं तरी विसरणार नाही. आत सगळं चकचकत होतं. प्रत्येक कात्रण, प्रत्येक अंक जाड प्लास्टिकमध्ये लॅमिनेट केलेला.

“तुम्ही येनार म्हनून सगळं करून ठिवलं, मॅडम,” ती म्हणाली. “आता पान्यात टाका, काय नाय व्हनार.”

मी कप खाली ठेवला. लॅमिनेशन हा आमच्या धंद्यातला शत्रू नंबर एक. प्लास्टिक गरम रुळांमधून जातं, त्यावरचा गोंद वितळून कागदात शिरतो, तो परत काढता येत नाही. तरुणपणापासून मी हे व्याख्यानांमधून सांगत आले आहे, आणि समोर पेटीभर लॅमिनेशन. त्यातही एक गोष्ट लक्षात यायला मला मिनिटभर लागलं. ‘टाळी’ म्हणजे एक मोठा कागद, मधोमध दुमडून त्याची चार पानं. हे सगळे अंक दुमडलेले तसेच यंत्रातून काढले होते. पहिलं आणि चौथं पान वर दिसत होतं. दुसरं आणि तिसरं आत बंद, चारी बाजूंनी चिकटवलेलं.

“हे काय करून बसलात तुम्ही,” माझ्या तोंडून निघालं. “अर्धी पत्रिका गेली की.”

रेश्माचा चेहरा पडला. ती आतल्या खोलीत गेली आणि एक कार्ड घेऊन आली. तृतीयपंथी म्हणून तिला मिळालेलं सरकारी प्रमाणपत्र. तेही लॅमिनेट केलेलं.

“माझ्या नावाचा हा पयला खरा कागद, मॅडम. त्याच दिवशी शहागंजात जाऊन बंद केला. जो कागद जाऊ नाय वाटतो, त्याला आमी असंच करतो. आमाला दुसरं ठाऊक नाय.”

मला माझीच लाज वाटली आणि रागही गेला नाही. दोन्ही एकदम असलं की मी फार थकते.

तेवढ्यात खिडकीकडून मायचा आवाज आला. “रेश्मा, शेवंताचा अंक बी केला का गं?”

“हौ, माय. सगळेच केले.”

“मग ती आत हाय,” माय म्हणाली.

शेवंताचं काय झालं ते मला त्या संध्याकाळी तुकड्यातुकड्यांनी कळलं. शेवंता आजारपणात गेली तेव्हा तिच्या रक्ताच्या घरचे आले आणि तिला घेऊन गेले. ज्या नावाने तिने सगळं आयुष्य हाक मारू दिली नाही, त्या नावाने तिचा अंत्यविधी झाला. वर्तमानपत्रातही त्याच नावाने चार ओळी आल्या. ते कात्रण पेटीत आहे, मी वाचलं, ते नाव मी इथे लिहिणार नाही. मग मायने ‘टाळी’चा एक अंक शेवंतावर काढला. तिचं खरं नाव आणि तिचा फोटो छापलेला एवढाच एक कागद जगात आहे, आणि मजकूर आतल्या दोन पानांवर आहे.

“दुसरी प्रत नाही का कुठे?” मी विचारलं.

रेश्माने मला एका अंकाचं शेवटचं पान दाखवलं. तळाशी, प्रत्येक अंकावर छापलेली एक ओळ होती. ‘वाचून झाले की अंक घरात ठेवू नका. पुढे द्या.’

हा ‘टाळी’चा नियम होता. पुष्कळ वाचक आईबापांच्या घरात लपूनछपून राहणारे. अंक उशाखाली सापडला तर हाडं मोडायची. म्हणून अंक घरात ठेवायचा नाही, वाचला की पुढच्या गावाला जाणाऱ्याच्या हातात द्यायचा. खुद्द मायनेही एकही प्रत ठेवली नव्हती. आज पेटीत जे अंक आहेत ते कुणीतरी नियम मोडून दडवले म्हणून आहेत. रेश्माने वर्षानुवर्षं प्रत्येक मेळाव्यात, प्रत्येक दुखवट्याला विचारून विचारून ते गोळा केले. शेवंताचा एकच सापडला, परभणीत, एकीच्या गादीच्या कापसात शिवलेला.

शहागंज

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रेश्माला घेऊन लॅमिनेशनच्या दुकानात गेले. खरं सांगायचं तर भांडायला गेले होते. शहागंजात पाऊल ठेवायला जागा नव्हती. अत्तरं, प्लास्टिकच्या बादल्या, लग्नाच्या टोप्या, मोबाइलची कव्हरं, सगळं एकमेकांच्या अंगावर. दुकानदार वयस्कर, दाढी मेंदीने रंगवलेली. रेश्माला बघताच त्याने स्टूल पुढे सरकवलं.

मी माझं व्याख्यान सुरू केलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

“मॅडम, मी काय करतो माहितीय का? रेशन कार्ड, आधार, मार्कलिस्ट, बाप मेल्याचा दाखला. लोक येतात, म्हणतात चाचा, हे बंद कर, हे गेलं तर आपण गेलो. ह्यांनी पण तेच सांगितलं. उघडायचंय असं कुणी सांगितलंच नाही.” मग थांबून म्हणाला, “मधून चिकटलं नसेल. गोंद बाहेरून लागतो. फक्त कडा चिकटतात. तीन बाजू कापा, पुस्तकासारखं उघडेल. पण झेरॉक्सची शाई गरम झाली की सुटते. समोरासमोरची पानं एकमेकांना धरून बसली असतील तर मला बोलू नका.”

भांडण तिथेच संपलं. जवळच्या खाणावळीत रेश्माने मला नान आणि खलिया, म्हणजे मटणाचा रस्सा, खाऊ घातला. तर्रीवर तेल तरंगत होतं आणि माझ्या पित्ताला ते चालणार नव्हतं, तरी मी वाटी चाटूनपुसून संपवली. आम्ही बसलो तसं शेजारचं टेबल रिकामं झालं. रेश्माने तिकडे पाहिलंही नाही. “पंखा तिकडं जास्त लागतो,” म्हणत आमची ताटं उचलून ती त्या टेबलावर जाऊन बसली. मीही गेले. हवा खरंच जास्त होती.

दुपारी घरी येऊन एका साध्या, दिवाळीच्या अंकावर प्रयोग केला. ब्लेडने तीन कडा कापल्या, हलक्या हाताने पानं वेगळी केली. चर्र आवाज आला. बरंचसं वाचता येत होतं, पण ठिकठिकाणी डाव्या पानाची अक्षरं उठून उजव्या पानाला जाऊन चिकटली होती, काही दोन्हीकडून गेली होती. फराळाच्या करंज्यांचं साहित्य कायमचं गेलं.

मी मायला सगळं खरं ते सांगितलं. शेवंताचा अंक उघडला तर काही भाग जाईल. किती, ते सांगता येत नाही. नावच गेलं तर? बंद ठेवला तर निदान आत ते सगळं आहे, एवढं तरी म्हणता येईल. पुढे कधीतरी एखादं चांगलं तंत्र येईल. हे शेवटचं वाक्य मी आजवर इतक्या लोकांना सांगितलं आहे की माझा स्वतःचा त्यावरचा विश्वास उडाला आहे.

रेश्मा म्हणाली, “नक्को उघडू, माय. माझ्या हातानं बंद झालं, आता माझ्याच हातानं फाटायला नको.”

माय एवढंच म्हणाली, “मला जरा ठेशनावर न्या.”

मुकुंदवाडी

स्टेशन लहानसं. पूर्वी अंकांची गड्डी इथूनच जायची. बांगड्यांच्या खोक्यात खाली अंक, वर बांगड्या, आणि जालना, परभणी, नांदेडकडे निघालेल्या कुणाच्या तरी हातात ते खोकं. मोठ्या स्टेशनवर पोलीस झडती घ्यायचे, इथे कुणी विचारायचं नाही.

रिक्षातून येताना मायने विचारलं, “बुद्धविहाराच्या मागची गल्ली गेली का?”

“मागं गेली, माय,” रेश्मा म्हणाली.

“दार उघडं व्हतं का?”

“ध्यान नाय गेलं.”

“बरं,” माय म्हणाली. त्या गल्लीत तिच्या भावाचं घर आहे, हे रेश्माने मला नंतर सांगितलं.

बाकावर बसून आम्ही शेंगा खाल्ल्या. शहराच्या नव्या नावाचा विषय माझ्याच तोंडून निघाला. मी लेबलांवर काय लिहायचं ते विचारत होते. माय हसली. “दोनी लिवा. गावाचं नाव बदललं तर पाट्या बदलल्या, गाड्यांचे बोर्ड बदलले. माझं बदलायला किती हापिसं झिजवली ते हिला इचारा.”

एक पॅसेंजर आली आणि गेली. ती जाईपर्यंत माय उभी राहिली होती. मग खाली बसत म्हणाली, “बाई, प्रत्येक अंक मी आधी घरात वाचून दावायची. शेवंताचा नाय वाचला. तोंड उघडलं, आवाजच निघाला नाय. गड्डी तशीच इथं आनून दिली. आमच्या घरानं तो अंक ऐकलाच नाय.”

“मग उघडायचा का?” मी विचारलं.

“उघडा. मी मेल्यावर उघडाल, तर गेलेली अक्षरं कोन सांगंल तुमाला? आज मला पाठ हाय.”

माझ्या साऱ्या प्रशिक्षणात हा मुद्दा कधी आला नव्हता.

पुन्हा छावणी

तिसऱ्या दिवशी सकाळी रेश्माने आंघोळ करून, केस बांधून, जमिनीवर पांढरी चादर अंथरली. ब्लेड मी धरणार होते. तिने माझ्या हातातून काढून घेतलं. “मी बंद केलं, मीच उघडते.” मी फक्त चादर ताणून धरली. एक कड, दुसरी कड, तिसरी. मग केसाएवढी फट. तिने श्वास रोखून पानं वेगळी केली. तोच चर्र आवाज झाला आणि मायने डोळे मिटले. वास्तविक तिला मिटायची गरज नव्हती.

फोटो गेला होता. काळी शाई अर्धी इकडे, अर्धी तिकडे, मधे साडीचा काठ आणि एक कान तेवढा ओळखू येत होता. रेश्माच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं आणि ते कागदावर पडू नये म्हणून मी तिचं तोंड अक्षरशः हाताने बाजूला केलं.

“नाव हाय का?” मायने विचारलं.

मथळ्याची अक्षरं जाड होती. काना उडाला होता, मात्रा शेजारच्या पानावर जाऊन बसली होती.

“हाय, माय. शेवंता हाय.”

“मग वाच.”

रेश्मा मोठेपणी वाचायला शिकली, मायकडेच. ती बोट ठेवून, अडखळत वाचू लागली. “आमची गुरू शेवंता गेली. वर्तमानपत्रात दुसऱ्या कुणाची तरी बातमी आली आहे. ती आमच्या... आमच्या... इथं गेलंय, माय.”

“आमच्या घरची नाही,” मायने सांगितलं.

“आमच्या घरची नाही. शेवंताने आम्हाला जेवू घातले, मारले, आणि आजारात उशाशी बसली. तिला आंबट वरण आवडत असे. राग आला की ती तीन दिवस... गेलंय.”

“तीन दिवस अबोला धरी आणि चौथ्या दिवशी साडी आणी.”

असं ते चाललं. जिथे अक्षरं नव्हती तिथे माय बोलायची, रेश्मा तेच पुन्हा वाचल्यासारखं म्हणायची, आणि मी लिहून घेत होते. माझा चष्मा सारखा धुरकट होत होता, म्हणजे मी रडत होते. शेवटाकडे एक वाक्य आलं. “तिला काय म्हणून आठवावे असे कुणी विचारले तर सांगावे की ती...” पुढचा शब्द दोन्ही पानांवर नव्हता.

रेश्मा थांबली. मायचे ओठ हलत होते. स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा वास आला, कुणी उठलं नाही.

“नाय आठवत,” ती शेवटी म्हणाली. “काल रातीपर्यंत व्हता तो शब्द. ऱ्हाऊ दे. तेवढी जागा कोरी सोडा, बाई. काय बी भरू नका.”

मी कोरी सोडली.

मी उघडलेली पानं आणि बाकीच्या अंकांच्या बाहेरच्या बाजू स्कॅन केल्या. बंद अंकांचं पुढे बघू असं ठरलं, त्यातला एकेक रेश्मा स्वतः उघडणार आहे, माय ऐकायला असताना. दुपारी जेवण झालं. आंबट वरण होतं, आणि ते मुद्दाम केलं होतं की सहज, ते मी विचारलं नाही. पिशवी भरून मी निरोप घ्यायला उठले, तेव्हा माय म्हणाली, “शेवंताचा अंक कुठाय?”

“पेटीत ठेवतेय, माय,” रेश्मा म्हणाली.

“वाचून झालं ना?”

“झालं.”

“मग घरात का ठिवायलीस? बाईंच्या हातात दे.”

रेश्मा पेटीवर हात ठेवून तशीच बसली. “माय, आपली अट हाय ना. कागद भाईर जानार नाय.”

“अट तुझी व्हती. नियम माझा हाय.”

रेश्माने मला अंक दिला. दिला म्हणजे माझ्या हातात ठेवला आणि दुसरं टोक बराच वेळ सोडलं नाही. मी घाई केली नाही. मग तिने सोडलं, आणि आतून बांगड्यांचं एक रिकामं खोकं आणून दिलं, वाटेत दुमडू नये म्हणून.

परतीच्या बसमध्ये खोकं मांडीवर होतं. पाठ मोडून गेली होती, पित्त उसळलं होतं, झोप मात्र येत नव्हती. आता तो अंक आमच्या संग्रहात आहे, गार खोलीत, कुलुपात. रोज सकाळी तिकडून जाताना वाटतं, हेही एक घरच झालं, आणि घरात ठेवू नका असं त्या पानावर छापलेलं आहे. म्हणून हे लिहिलं. तिचं नाव शेवंता होतं. तुमचं आता वाचून झालं आहे.